दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशोब नेमका कसा करायचा

प्रश्न असा आहे: दोन दूरच्या विमानतळांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ स्वतः कसा काढायचा, एकाच जोडीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात, आणि जाताना लागतो तेवढाच वेळ येताना का लागत नाही?

तिन्हींचं मूळ एकच आहे. ‘अंतर’ म्हणून आपण जो एक आकडा धरून चालतो, ते खरं तर तीन निरनिराळे आकडे असतात. पहिला, पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. दुसरा, त्या दिवशी आखलेल्या मार्गाची जमिनीवर मोजलेली लांबी. तिसरा, विमानाने हवेतून प्रत्यक्ष कापलेलं अंतर. अंतर दाखवणारी बहुतेक संकेतस्थळं पहिला आकडा देतात. उड्डाणाच्या आराखड्यात दुसरा आणि तिसरा असतो. वेळ मात्र ठरतो तो तिसऱ्यावरून.

पहिल्यापासून सुरुवात करू. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असतं अशा वर्तुळावरून. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले की साध्या गणकयंत्रावर हे अंतर निघतं:

कॉस (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांमधला फरक)

लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. पहिला गुणाकार ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५. दुसरा ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६. बेरीज ०.६४५१. याचा व्यस्त कॉस (गणकयंत्रावरचं cos⁻¹) घेतला की कोन येतो ४९.८२ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात, म्हणून अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. नॉटिकल मैल हवे असतील तर अंशांना थेट ६० ने गुणा, २,९८९ येतील. एक नॉटिकल मैल म्हणजे कोनाचा जवळजवळ एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), म्हणून हवाई आणि सागरी कामात हेच एकक टिकून राहिलं आहे.

आता याच जोडीसाठी दुसरीकडे ५,५५५ किलोमीटर लिहिलेलं सापडेल. त्यात चूक कोणाचीच नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५६.८. हा चपटेपणा धरून काढलेलं अंतर गोलाच्या हिशोबापेक्षा जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे होतं. इथे ते १५ किलोमीटरने वाढलं. वेळेच्या अंदाजासाठी एवढा फरक सोडून द्यायला हरकत नाही, कारण विमान तेवढं अंतर एका मिनिटात कापतं. उंचीचंही तसंच. विमान ११ किलोमीटर उंचावरून जातं म्हणून मार्ग लांबतो, पण ५,५४० किलोमीटरमध्ये जेमतेम दहाने.

खऱ्या चुका दुसरीकडेच होतात. सर्वांत फसवी चूक रेखांशाच्या चिन्हाची. पश्चिम रेखांश उणे लिहायचे असतात. वरच्या उदाहरणात न्यूयॉर्कचं उणे चिन्ह विसरलं तर बिंदू थेट किरगिझस्तानात जाऊन पडतो, आणि तरीही उत्तर येतं ५,६०० किलोमीटर! हीथ्रो शून्य रेखांशाला अगदी लागून असल्यामुळे दोन्ही बाजूंचा फरक जवळपास सारखाच भरतो. आकडा पटण्यासारखा दिसतो आणि चूक दडून राहते. म्हणून अंतराबरोबर सुरुवातीची दिशासुद्धा काढून बघावी. ती पश्चिमेऐवजी पूर्वेकडे आली की चूक लगेच उघडी पडते.

दुसरी चूक अंश-मिनिट-सेकंदांची. वैमानिकी नकाशांवर जेएफकेचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद असा छापलेला असतो. तो ४०.३८२३ म्हणून भरला तर विमानतळ सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. खरं दशांश रूप ४०.६३९७ आहे: मिनिटांना ६० ने भागायचं आणि सेकंदांना ३,६०० ने. तिसरी चूक मैलांची. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. एकाच्या जागी दुसरा घेतला की १५ टक्के फरक पडतो, म्हणजे लांबच्या उड्डाणात दोन तास इकडेतिकडे. संगणकावरच्या तक्त्यात सूत्र घालत असाल तर अंशांचं आधी रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) रूपांतर करायला विसरू नका. आणि शहराचं नाव भरून थांबू नका, विमानतळ नक्की करा. लंडन, टोकियो, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांना एकापेक्षा जास्त विमानतळ आहेत, आणि टोकियोत हानेदा व नारिता यांच्यात तर ६० किलोमीटरचं अंतर आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखायचा मोह फार होतो. तो का टाळायचा, ते ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि चिलीतलं सँतियागो यांच्याकडे बघून कळतं. दोन्ही शहरं साधारण ३३-३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत. नकाशावर वाटतं की मधला प्रशांत महासागर सरळ आडवा ओलांडला की झालं. त्या अक्षांशाला धरून उडालं तर अंतर भरतं सुमारे १२,७७० किलोमीटर. बृहद्वृत्ताने तेच ११,३४० आहे. पण तो मार्ग मध्यावर जवळजवळ ६२ अंश दक्षिणेपर्यंत खाली उतरतो, अंटार्क्टिकाच्या दिशेने. सिंगापूर–न्यूयॉर्कचं उदाहरण आणखी टोकाचं आहे. त्यांच्या रेखांशांत १७८ अंशांच्या आसपास फरक आहे, त्यामुळे १५,३४० किलोमीटरचा सर्वांत जवळचा मार्ग सिंगापूरहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला निघतो, ८७ अंश अक्षांशाच्याही वर, ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो आणि पलीकडून न्यूयॉर्कला उतरतो. सपाट नकाशावर हा मार्ग धड काढताही येत नाही. शंका असेल तेव्हा पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा.

पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांत २०,००० किलोमीटरच्या फार पलीकडे अंतर असूच शकत नाही, कारण अर्धा परीघच तेवढा आहे. थेट उड्डाणाचं अंतर त्याहून जास्त दिसलं तर सूत्रात काहीतरी बिघडलं आहे असं समजा.

दुसरा आकडा म्हणजे आखलेला मार्ग, आणि तो बृहद्वृत्ताहून नेहमी लांब असतो. विमान धावपट्टीच्या दिशेने सुटतं, तुमच्या दिशेने नव्हे. निघण्याचे आणि उतरण्याचे मार्ग ठरलेले असतात, मधे नेमून दिलेले बिंदू असतात, लष्करी क्षेत्रं आणि वादळं टाळावी लागतात. लांबच्या मोकळ्या मार्गावर साधारण ३ ते ५ टक्के वाढ धरावी. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज बघून दिवसातून दोनदा नवे समांतर मार्ग आखले जातात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे. म्हणून काल आयर्लंडवरून गेलेलं विमान आज बरंच उत्तरेकडून गेलं तर त्यात नवल नाही.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ मार्गावर सतत आवाक्यात असावा लागतो. मूळ मर्यादा ६० मिनिटांची. खास परवानगीने ती १२०, १८० आणि काही विमानांसाठी ३७० मिनिटांपर्यंत वाढते. दक्षिण प्रशांत महासागरासारख्या ओसाड भागात याच मर्यादेमुळे मार्ग उत्तरेकडे वाकतो आणि सिडनी–सँतियागोचं कागदावरचं ११,३४० प्रत्यक्षात बरंच वाढतं.

सर्वांत मोठी वाढ मात्र आकाश बंद झालं की होते. हेलसिंकी ते टोकियो बृहद्वृत्ताने सुमारे ७,८३० किलोमीटर आहे आणि रशियावरून हे उड्डाण साधारण साडेनऊ तासांत व्हायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास १३ तासांच्या आसपास गेला. विमानतळ तेच, गोलावरचं अंतरही तेच, वेळ मात्र एक तृतीयांशाहून जास्त वाढला. निव्वळ अंतरावरून वेळ सांगणारं कुठलंही यंत्र इथे हमखास चुकतं.

आता तिसरा आकडा, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे. विमान जमिनीच्या संदर्भात नाही, हवेच्या संदर्भात उडतं. मोठं लांब पल्ल्याचं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातं. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर असतो. म्हणजे विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे ९००. आसनांमधून एकच वाट असलेली लहान विमानं ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी ८३०. हा वेग ज्या हवेत आहे ती हवाच सरकत असेल तर?

समशीतोष्ण पट्ट्यात साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. त्याच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटर वारा ही काही विशेष गोष्ट नाही. लंडन–न्यूयॉर्क परत घेऊ. ५,५४० मध्ये ४ टक्के वाढ धरली की मार्ग ५,७६० किलोमीटरचा. संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी १०० किलोमीटर वारा धरा. पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग १,०००, वेळ ५ तास ४६ मिनिटं. पश्चिमेकडे ८००, वेळ ७ तास १२ मिनिटं. वारा नसता तर ६ तास २४ मिनिटं. हवेत कापलेलं अंतर पूर्वेकडे ५,१८४ किलोमीटर आणि पश्चिमेकडे ६,४८०. एकाच आखलेल्या मार्गाचे हे दोन आकडे झाले! इंधन याच आकड्यावर जळतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. जाताना वारा जेवढा मदत करतो तेवढाच येताना अडवतो, म्हणून दोन्ही मिळून हिशोब फिटतो असं वाटतं. तो फिटत नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही बाजू मिळून १२ तास ५८ मिनिटं झाली, वाऱ्याविना १२ तास ४८ झाली असती. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं. आडवा वारासुद्धा फुकट जात नाही. ताशी १५० किलोमीटरचा वारा बरोबर काटकोनात असेल तर नाक वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं आणि ९०० चा वेग ८८७ वर येतो. म्हणूनच मार्ग आखणारे कधीकधी मुद्दाम दोन-तीनशे किलोमीटर जास्तीचा वळसा घेतात. जमिनीवर लांब, पण हवेत आखूड. सिंगापूर–न्यूयॉर्कसारख्या जोडीला तर मोकळीक एवढी असते की वाऱ्याप्रमाणे पॅसिफिककडून जायचं की अटलांटिककडून, हेसुद्धा बदलू शकतं.

वारा किती फरक पाडतो याचं एक नोंदलेलं टोक: ९ फेब्रुवारी २०२० रोजी, सिआरा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही ते ध्वनीपेक्षा वेगाने उडत नव्हतं, कारण आजूबाजूची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

आता तिकिटावरचा वेळ. तिकिटावर उड्डाणाचा वेळ नसतो, ब्लॉक टाइम असतो, म्हणजे निघण्याच्या जागेवरून विमान हललं तिथपासून पोहोचल्यावर उभं राहिलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं आणि शेवटचं टॅक्सी, म्हणजे उतरल्यावर जमिनीवरून उभं राहण्याच्या जागेपर्यंत जाणं, हे सगळं येतं. गर्दीच्या विमानतळावर सुटतानाच १५ ते २५ मिनिटं जमिनीवर जातात, उतरल्यावर ५ ते १०. शिवाय १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे चढताना-उतरताना मिळून आणखी दहाएक मिनिटं जातात. एवढं धरून हाताशी ठेवायचं सूत्र असं:

ब्लॉक टाइम = (बृहद्वृत्ताचं अंतर × १.०४) ÷ ९०० तास + ४० मिनिटं

लहान विमानासाठी ९०० च्या जागी ८३० घ्या. पडताळून बघू. सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४० × १.०४ ÷ ९०० = १७.७ तास, अधिक ४० मिनिटं, म्हणजे १८ तास २५ मिनिटांच्या जवळ. वेळापत्रकात हे उड्डाण साडेअठरा तासांच्या आसपास फिरतं. हेलसिंकी–टोकियो जुन्या मार्गाने: ९ तास ४३ मिनिटं, प्रत्यक्षातही साडेनवाच्या आसपासच. लंडन–न्यूयॉर्कला वरचा वारा धरून ४० मिनिटं मिळवली की पूर्वेकडे ६ तास २६ आणि पश्चिमेकडे ७ तास ५२ येतात. वेळापत्रकात साधारण सात आणि आठ तास दिसतात. मधली जास्तीची मिनिटं कंपनी उशिरासाठी राखून ठेवते, म्हणून बरेचदा विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा ऐकू येते. दीड-दोन हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणाला मात्र हे सूत्र लावू नका. तिथे टॅक्सी आणि चढउतार यांचाच वाटा मोठा असतो आणि मार्गाची वाढही दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

घड्याळाची भानगड वेगळीच. तिकिटावर सुटायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. थेट वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, आणायच्या, मगच वजा करायच्या. टोकियोहून संध्याकाळी ५ ला सुटलेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला पोहोचतं, सुटण्याच्या सहा तास आधी! हिशोब साधा आहे. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून सुटलं ०८:०० यूटीसीला. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणून पोहोचलं १८:०० यूटीसीला. प्रवास १० तासांचा. परतीला दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला पोहोचलं तर घड्याळात साडेसत्तावीस तास दिसतात. त्यातून १६ तासांचा फरक वजा केला की खरे साडेअकरा उरतात. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख पुढे ढकलायची की मागे, हा गोंधळ यूटीसी वापरला की उद्भवतच नाही.

उन्हाळी वेळेचा (उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे करण्याचा) सापळा मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क–लंडन फरक पाचऐवजी चारच तास असतो. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तेव्हा आठवडाभर पुन्हा तेच. दक्षिण गोलार्धात उलटं चक्र असतं, त्यामुळे लंडन–सिडनी फरक वर्षभरात ९, १० आणि ११ तास असा फिरतो. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, तिथे पूर्ण तासांत विचार केला तर पाऊण तासाची चूक ठरलेली.

थेट उड्डाण नसेल तर मधला थांबा निवडताना आधी अंतराची बेरीज करून बघा. लंडन–सिडनी सरळ १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १७,१७५, म्हणजे जेमतेम एक टक्का जास्त. दुबईमार्गे १७,५४०, तीन टक्के. लॉस एंजेलिसमार्गे २०,८२०, तब्बल २२ टक्के, म्हणजे चार तासांहून जास्त निव्वळ उडण्यातच. पण पहिल्या दोघांमध्ये अंतरापेक्षा थांब्याची लांबी भारी पडते. प्रत्येक थांब्याला वरच्या सूत्रातली ४० मिनिटं पुन्हा मोजायची, शिवाय विमान बदलण्याचा वेळ. जोडणीसाठी दिलेला किमान वेळ हा विमान वेळेवर आल्यास पुरणारा वेळ असतो. लांबचं पहिलं उड्डाण पश्चिमेकडे, हिवाळ्यात आणि समोरच्या वाऱ्यात असेल तर किमान वेळेवर दीड तास वाढवूनच तिकीट घ्यावं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर त्याहून जास्त, कारण पहिलं उशिरा आलं तरी दुसरं थांबणार नाही आणि पैसेही सहसा बुडतात.

फार लांबच्या उड्डाणात समोरचा वारा अंदाजापेक्षा वाढला की नुसता उशीर होत नाही. प्रवासाच्या इंधनावर साधारण ५ टक्के जादा, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटचं ३० मिनिटांचं राखीव इंधन बरोबर असावंच लागतं, आणि त्या राखीव साठ्याला हात लावून वेळ गाठायची नसते. टाकीची किंवा वजनाची मर्यादा आडवी आली तर आधी माल उतरवतात, मग काही जागा रिकाम्या ठेवतात, आणि तरीही जमलं नाही तर मधे इंधनासाठी उतरतात. तो थांबा झाला तर प्रवासात दीड-दोन तास वाढले असं समजा.

म्हणून नेमक्या तारखेचा वेळ हवा असेल तर सूत्राने पहिला अंदाज घ्या आणि मग त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या मागच्या पंधरा दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा उड्डाण मागोवा दाखवणाऱ्या सेवेवर बघा. सुटायची वेळ आणि पोहोचायची वेळ पार्किंगच्या जागेवरची आहे की धावपट्टीवरची, हे आधी तपासा. मिश्रण झालं तर अर्धा तास चुकतो. पंधरापैकी मधला आकडा म्हणजे तुमचा अपेक्षित वेळ, आणि सर्वांत वाईटाच्या आधीचा आकडा म्हणजे पुढची गाडी, बैठक किंवा जोडविमान ठरवताना धरायचा वेळ. सहा महिन्यांपूर्वीच्या वेळा मात्र यात मिसळू नका, कारण जेट स्ट्रीमचा जोर आणि जागा दोन्ही ऋतूबरोबर बदलतात.